मास्तरांच्या सहा फळ्या

मास्तरांनी मला आयुष्यात एकदाही नावानं हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी 'साडेपंधरा' होतो. मास्तर शिंपी, आणि माझ्या शर्टाच्या गळ्याचं ते माप. वाईच्या भर बाजारात मी एखाद्या निर्मात्याबरोबर रुबाबात चाललेला असायचो, सगळी व्यवस्था आपल्याच मुठीत आहे असा चेहरा केलेला असायचा, आणि मागून खणखणीत आवाज यायचा, "आवं साडेपंधरा! जरा थांबा की!" निर्माता माझ्याकडं अशा नजरेनं बघायचा की तो साडेपंधराचा गळा मला एकदम ढगळ व्हायला लागायचा.

मी एकटाच नव्हतो म्हणा. दुसऱ्या एका कंपनीचा मॅनेजर 'सोळा' होता. एक नावाजलेले दिग्दर्शक 'सतरा, मान आखूड' होते आणि ते बिचारे ओ द्यायचे. बायकांची मापं मात्र मास्तर तोंडातून काढत नसत. ते काम त्यांच्या बायकोचं, चाचींचं. नायिकांना मास्तर साडीच्या रंगावरून ओळखत. "ती मोरपंखी बाई कवा येनार?" असं त्यांनी विचारलं की कुठल्या चित्रपटाची चौकशी चालली आहे ते आम्हाला कळायचं.

मी सांगलीचा. सत्तर साल उलटून थोडी वर्षं झाली होती आणि मी मराठी चित्रपटांचा मॅनेजर म्हणून पोट भरत होतो. मॅनेजर म्हणजे बैलगाडीपासून बटाट्यापर्यंत जे मागतील ते हजर करणारा माणूस. चित्रीकरणासाठी वाईला फार कंपन्या यायच्या. नदी होती, घाट होते, देवळं होती, आसपास खेडी होती आणि पुण्याची एस.टी. सकाळी सुटून जेवणाच्या आत नटांना आणून टाकायची. कुणाचीही कंपनी आली तरी शिंप्याशिवाय तिचं पान हलायचं नाही. नायकाची बंडी घट्ट व्हायची, फौजदाराची विजार उसवायची, आणि सगळे मास्तरांच्या दुकानी यायचे.

दुकान घाटाकडं जाणाऱ्या बोळात होतं. पुढून बंद करायला जुन्या तऱ्हेच्या सहा उभ्या फळ्या. सकाळी मास्तर एकेक फळी खोबणीतून काढायचे आणि आतली बाजू रस्त्याकडं करून भिंतीला टेकवून ठेवायचे. त्या आतल्या बाजूवर शिंपीकामाच्या पांढऱ्या खडूनं बारीक अक्षरात सगळं जग लिहिलेलं असायचं. पहिली फळी बैलांची. दुसरी घरांची. तिसरी माणसांची. चौथी पाण्या-वाऱ्याची. पाचवीवर वर ठळक अक्षरात 'वंगाळ' असं लिहिलं होतं, म्हणजे जिथं जाऊ नये आणि जे करू नये ते. सहावी मोकळी, ज्याला जे सांगायचं त्यानं आपल्या हातानं लिहावं म्हणून.

नमुना सांगतो. 'पसरणीच्या अंगाला चौकाचं घर. ऊन अकरापतूर. म्हातारी तापट. गुळाचा चहा मागितला की खूस.' किंवा, 'आंब्याखालची हीर. आवाज घुमतो. बोलन्याला नगं, गान्याला झ्याक.' वंगाळच्या फळीवर एका तबलजीचं वर्णन होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण खोटं त्यात काहीच नव्हतं.

मास्तरांचा कायदा एकच. कपडा घेऊन गेलात की गळ्यातली टेप हातात धरून ते विचारायचे, "काय नवं?" तुम्ही काहीतरी खरं, उपयोगाचं आणि फळीवर नसलेलं सांगितलंत की टेप तुमच्या खांद्यावर यायची. नाही सांगितलंत तर तुमचा कपडा गठ्ठ्याच्या तळाशी जायचा आणि तुमचा फौजदार दोन दिवस टॉवेल गुंडाळून बसायचा. थापा त्यांना लगेच कळायच्या. "ही खबर ढिली हाय," म्हणायचे, "कुटंतरी चुनी पडलीया. पुन्यांदा सांगा."

मला हा माणूस पहिल्या भेटीत मुळीच आवडला नाही.

त्याचं कारण असं, की त्या काळात आम्हा मॅनेजर लोकांचं सगळं भांडवल म्हणजे माहिती. कुठलं घर मिळतं, कुठला पाटील गोड बोलल्यावर वळतो, कुठं सावली टिकते, हे ज्याला माहीत त्याला काम. ते दुसऱ्याला सांगायचं म्हणजे आपल्या हातानं आपली खुर्ची दुसऱ्याला द्यायची. माझ्याकडं एक काळी डायरी होती आणि ती मी मोडीत लिहायचो. आजोबांनी शिकवलेली मोडी मी या एकाच कामासाठी टिकवली होती. एकदा ती डायरी मी मास्तरांच्या दुकानात विसरलो आणि रात्रभर झोपलो नाही. सकाळी त्यांनी ती कापडात बांधून परत दिली. "ह्यातलं आमी अक्षर वाचलं न्हाई," ते म्हणाले, "तुमी तरी वाचता का?"

तर पहिल्या भेटीत मी पाहिलं, की महिनाभर वणवण करून मी शोधलेलं घर दुसऱ्या फळीवर लख्ख लिहिलेलं आहे. मालकाच्या स्वभावासकट. मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? म्हणाले, तुमच्याच सैपाक्यानं. माझं डोकं फिरलं. मी पुढं होऊन बाहीनं ती ओळ पुसून टाकली. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी खडू उचलला, तीच ओळ आधीपेक्षा मोठ्या अक्षरात लिहिली आणि माझ्या बाहीकडं बोट दाखवलं. "आता बाहीवर बी आलंय. जावा, दावा समद्यास्नी."

चाची आतून हसल्या. मी तिथून निघालो तो गावभर बाही झटकत होतो.

या फळ्या सुरू कशा झाल्या ते मला मागाहून कळलं, आणि त्यात माझंही नाव होतं. नदीकाठी एक मोठं वडाचं झाड होतं. सावली अशी की नटांना छत्री धरायला नको. पण वर आग्या मोहोळ. पहिली एक कंपनी तिथं गेली, दिवा लावला, धूर झाला आणि माश्या उठल्या. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुसरी कंपनी आमची. आमचा नायक इतका सुजला की त्याची बंडी अंगात जाईना. बंडी मी सैपाक्याच्या हाती पाठवली आणि मास्तरांनी बाह्या उसवून पट्ट्या जोडून दिल्या. आमच्या मागून येणाऱ्या सोळानं मला रस्त्यात थांबवून सरळ विचारलं होतं, "काय वो, त्ये झाड कसं हाय?" आणि मी म्हणालो होतो, "झकास सावली आहे."

हे मी केलं. आज सांगायला लाज वाटते, तेव्हा हुशारी वाटली होती. आम्हाला चावल्या तर त्यांना का चावू नयेत, असा साधा हिशेब.

चार दिवसांनी सोळाची सगळी कंपनी बाह्या उसवून घ्यायला मास्तरांच्या दारात उभी राहिली. मास्तर सांगायचे, "तिसऱ्यांदा बाह्या उसवताना माजा हात थांबला. म्हनलं झाड एकच, माश्या त्याच, मानसं बी शिकल्याली-सवरल्याली. आन ह्या बाह्या मीच का सारख्या उसवायच्या?" त्याच दिवशी त्यांनी सगळ्यांत पहिली ओळ फळीवर लिहिली: 'घाटाखालचा वड. मोहोळ. जाऊ नगा.' हे कळल्यावर मी जाऊन ती वाचली तेव्हा मास्तर माझ्याकडं बघत होते. त्यांना ठाऊक होतं.

मास्तरांना चित्रपटाचं वेड होतं असं कुणी समजू नये. गोष्टीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. तंबूत चित्रपट आला की ते पुढच्या रांगेत बसायचे आणि शिलाई बघायचे. नायक आईच्या मांडीवर प्राण सोडत असताना ते मोठ्यानं म्हणायचे, "काखंत जरा वढलंय." लोकांनी त्यांना दोनदा बाहेर काढलं होतं. तिसऱ्यांदा चाची त्यांच्या शेजारी बसल्या आणि तोंडात पानाचा विडा कोंबून गप्प केलं, तेव्हापासून चाची सोबत असल्याशिवाय तंबूवाले त्यांना तिकीट देत नसत.

आता माझ्यावर आलेल्या प्रसंगाकडं येतो.

आमच्या चित्रपटाचा शेवट तेवढा राहिला होता. नायिका बैलगाडीतून सासरी निघते, गाडी घाटाची चढण चढते आणि ती एकदाच मागं वळून बघते. एवढंच. पण अख्खा चित्रपट त्या वळून बघण्यासाठी काढलेला. नायिका सोमवारी संध्याकाळी मुंबईला जाणार होती आणि तिथल्या कामातून ती पावसाळा संपल्यावरच मोकळी होणार होती. तोवर नदी भरणार, घाट बुडणार, सगळाच देखावा बदलणार. आणि रविवारी दुपारी आमच्या खिलार जोडीतला डावा बैल लंगडला. पाय टेकेना. ही जोडी चित्रपटभर दिसलेली, म्हणजे दुसरी आणायची तर अगदी तशीच हवी.

दिग्दर्शक सगळ्यांदेखत मला म्हणाले, "उद्या सूर्य मावळायच्या आत जोडी उभी राहिली नाही तर हा चित्रपट डब्यात गेला. आणि तुम्ही सांगलीला." आमचे निर्माते सांगलीकडचे ऊसवाले शेतकरी होते, पहिल्यांदाच चित्रपट काढत होते. ते बैलाचा पाय मांडीवर घेऊन बसून राहिले. त्यांचं ते बसणं मला जास्त लागलं.

दिवेलागणीला मी मास्तरांच्या दुकानी गेलो. मास्तर नमाजाला गेले होते, फळ्या अजून बाहेर होत्या. पहिल्या फळीवर नवी ओळ होती: 'परवा लोणंद. खिलार जोडी. शिंगं मागं वळल्याली. एकदम बेस.' आमचीच जोडी जणू! मी चाचींना विचारलं, हे कधी लिहिलं? त्या म्हणाल्या, "काल. सोळा आलं हुतं, त्येंनी सांगितलं. का वो, काय पायजे हुतं?"

"काही नाही," मी म्हणालो. "सहज."

खरं तर पाच मिनिटं थांबलो असतो तर मास्तर आले असते. पण विचारलं की कळतं, आणि कळलं की फळीवर जातं. माझी कंपनी अडली आहे हे सोळाला वाचायला मिळावं, हे मला मरण वाटत होतं. मी मनातल्या मनात मोजलं. काल शनिवार. शनिवारचं परवा म्हणजे सोमवार. सोमवार म्हणजे उद्या. उद्या लोणंदच्या बाजारात जोडी येणार! मी खुशीत शीळ घालत मुक्कामावर गेलो आणि दिग्दर्शकांना सांगितलं, निश्चिंत झोपा.

सोमवारी पहाटे जीप काढून मी लोणंद गाठलं. बाजाराच्या मैदानात एक गाढव आणि दोन कोंबड्या होत्या. कोपऱ्यात चहावाला बंब पेटवत होता. मी विचारलं, जनावरांचा बाजार कधी भरायचा? तो माझ्याकडं बघतच राहिला.

"पावनं, बाजार झाला की. बेस्तरवारी असतोय."

बेस्तरवारी म्हणजे गुरुवारी. शनिवारपासून मागं मोजलं तर परवा. सोळा शनिवारी मास्तरांना सांगत होता, परवा लोणंदला अशी जोडी बघितली. आणि मास्तर खडू वाचवण्यासाठी क्रियापद कधी लिहीत नसत.

परत येईपर्यंत दहा वाजून गेले. मी जीपमधून उतरलो तो दुकानात शिरून ओरडलोच. तुमच्या फळीनं माझा घात केला, माझा सकाळचा वेळ गेला, माझं काम गेलं, काय वाटेल ते बोललो. मास्तरांनी मशीन थांबवलं. बाहेर आले, फळी वाचली, बोटावर दिवस मोजले आणि खाली बसले.

"व्हय," ते म्हणाले. "चूक माजी हाय. ह्या शब्दाला दोन तोंडं हायेत. म्होरं बी बगतंय आन मागं बी." त्यांनी 'परवा' हा शब्द अंगठ्यानं पुसला. त्यानंतर तो त्यांच्या फळीवर मी कधीही पाहिला नाही. 'गेला बेस्तरवार', 'येता सोमवार' असंच लिहायचे. मग मान वर करून म्हणाले, "पर तुमी काल आला हुता म्हनं. इच्यारलं का न्हाई?"

मी उगाच बाही झटकू लागलो.

"आता तरी सांगा. काय पायजे?"

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी वाकून हळू आवाजात सांगितलं, बैलजोडी.

"मोठ्यानं."

"मास्तर, लोक आहेत."

"म्हनूनच मोठ्यानं."

आणि मी, जो डायरी मोडीत लिहीत होतो, तो बोळात उभा राहून ओरडलो, "आमचा बैल लंगडा झालाय! संध्याकाळच्या आत जोडी पाहिजे! नाही मिळाली तर चित्रपट बुडाला!" समोरच्या भांडीवाल्यानं ठोकणं थांबवलं. वरच्या खिडकीतून एका बाईनं डोकं बाहेर काढून विचारलं, "कुठला पाय?" खरं सांगतो, त्या एका ओरडण्यानं माझ्या छातीवरचं मणाचं ओझं उतरलं.

मास्तर तोवर आपली मापांची वही चाळत होते. आमच्या बैलांच्या झुली त्यांनीच शिवल्या होत्या, आणि या माणसानं झूल शिवताना बैलाचीही मापं घेतली होती, गळ्यापासून शिंगापर्यंत. त्यांनी पहिली फळी पुसून कोरी केली. तिच्यावर बैलाचं तोंड काढलं, शिंगांचा बाक काढला, शेजारी लिहिलं: 'शिंग सत्तावीस इंच. कपाळ नऊ. जोडीच पायजे. आज दिस मावळायच्या आत, घाटावर.' मग ती फळी खांद्यावर घेतली आणि अनवाणी एस.टी. स्टँडकडं निघाले.

स्टँडवर त्यांनी जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. सुटणाऱ्या प्रत्येक गाडीच्या दारात फळी उभी करायची, कंडक्टरला वाचायला लावायची आणि त्याच्याकडून ते पाठ म्हणून घ्यायचं. "शिंग किती?" "सत्तावीस." "कपाळ?" "नऊ." "जावा." एक कंडक्टर पंचवीस म्हणाला तर गाडी सुटू देईनात. साताऱ्याची गाडी, पाचवडची, सुरूरची, धोमकडची, सगळ्या गाड्या आमचा बैल घेऊन निघाल्या.

बारा वाजल्यापासून घाटावर जत्रा भरायला लागली. एकजण खोंड घेऊन आला, त्याला अजून शिंगंच नव्हती. मालक म्हणाला, वाढतील. दुसऱ्याच्या बैलाला एकच शिंग. "ह्या बाजूनं फोटू काढा," तो म्हणाला. एका म्हाताऱ्यानं म्हैस आणली होती. मी म्हणालो, बाबा, ही म्हैस आहे. "ठावं हाय की. पर दूध बी दील." मास्तर टेप घेऊन प्रत्येक जनावराचं शिंग मोजत होते आणि मालकाला आदरानं परत पाठवत होते. त्यांची गावं आणि जनावरं मात्र फळीवर टिपून घेत होते.

अडीच वाजता चढणीवरून घुंगरांचा आवाज आला. पांढरीशुभ्र जोडी, मागं वळलेली शिंगं. गाडी हाकत होता एक उंच शेतकरी, आणि त्याच्या शेजारी धुरळ्यानं माखलेला सोळा बसला होता.

सुरूरच्या गाडीचा कंडक्टर दोन कोसांवर सोळाच्या चित्रीकरणापाशी थांबून सगळं म्हणून दाखवून गेला होता. लोणंदला पाहिलेली जोडी सोळानं मालकासकट आपल्याच चित्रपटासाठी ठरवली होती. त्यात ती एका दुष्ट पाटलाच्या गाडीला जुंपलेली होती. आपलं चालू काम बंद करून, नटांना घरातल्या प्रसंगाला बसवून, तो जोडी घेऊन आला होता.

मी गाडीपाशी गेलो. एवढंच बोललो, "मी तुम्हाला झाडाचं खोटं सांगितलं होतं."

"मला चावल्या तवाच कळलं," सोळा म्हणाला. "तुमी झाड सांगितलं न्हाई म्हनून मी बैल द्यायचा न्हाई, आसं करत बसलो तर शूटिंग कुनाचं हुनार, गड्या? चला, उजेड चाललाय."

मास्तरांनी शिंग मोजलं. पावणेसत्तावीस. "पाव इंच मी माफ केला," ते म्हणाले. डाव्या बैलाची मान मात्र जरा काळपट होती. मास्तरांनी दुकानातून खडूची अख्खी पेटी मागवली आणि मानेवर खडू चोळत बसले. बैलही कपडे करायला आल्यासारखा उभा राहिला. सगळं जमलं तर नवीच अडचण. हे बैल मालकाच्या आवाजाशिवाय पाऊल उचलीनात, आणि गाडीवर तर आमचा नट हवा. अखेर मालकाला गाडीतच आडवं केलं, अंगावर वाकळ टाकली आणि वाकळेवर नायिकेचे पाय आले. गाडी निघाली. नायिका रडते आहे, नट खोटाखोटा कासरा हलवतो आहे, आणि वाकळेखालून दबका आवाज येतो आहे, "हिर्र, माज्या राजा, हिर्र!" नायिका वळून पाहताना ओठ दाबून धरत होती. दिग्दर्शकांना तो हुंदका वाटला. ऊन घाटावरून उतरायच्या आत शेवट झाला, आणि आमचे निर्माते धावत गेले ते नायिकेकडं नाही, बैलांकडं. दोघांच्या गळ्यात गळा घालून ते रडले. मी पण.

दुसऱ्या दिवशी मी डायरी घेऊन मास्तरांकडं गेलो आणि सहाव्या फळीसमोर बसून मोडीचं बाळबोध केलं. तासगावकडच्या द्राक्षबागांत सकाळी उजेड कसा गाळून येतो, कुठला बागवाला गाणं झाल्यावर द्राक्षं खाऊ घालतो, सांगलीजवळ नदीवर नाववाला कोण, सगळं लिहिलं. महिनाभरात दोन कंपन्या तासगावला जाऊन आल्या. त्यांनी येताना तिकडच्या सुताराचं, वाजंत्र्यांचं, एका नक्कल करणाऱ्या कॉलेजकुमाराचं नाव आणलं आणि फळीवर चढवलं. ज्यांना मी पाण्यात पाहत होतो ते मॅनेजर माझ्याबरोबर मास्तरांच्या पायरीवर चहा पिऊ लागले. एकाचा रिफ्लेक्टर दुसऱ्याकडं जाऊ लागला, एकाचा पाऊस दुसऱ्याला आधी कळू लागला. मला वाटत होतं काम जाईल. उलट इतकं वाढलं की घरी बायको मला पाहुणा म्हणायला लागली. मास्तर आता नाहीत. त्यांची मला फार आठवण येते, आणि आठवण आली की आधी हसूच येतं.

आमचा चित्रपट साताऱ्यात लागला तेव्हा पहिल्या खेळाला आम्ही सगळे गेलो. मास्तर, चाची, सोळा, मी. दिग्दर्शक आले नाहीत. त्यांना एकच भीती होती, समोर सगळे शेतकरी बसणार, त्यांना बदललेली जोडी दिसणार, आणि ऐन रडण्याच्या वेळी थिएटर हसणार. हसलं की शेवट गेला, शेवट गेला की चित्रपट गेला. मलाही तेच वाटत होतं. शेवटची गाडी पडद्यावर आली तेव्हा मी खुर्चीच्या टोकाशी येऊन बसलो होतो.

गाडी चढणीला लागली आणि मागून गर्जना झाली, "ती जोडी माजी हाय! आन मी वाकळंखाली हाय!"

बैलांचा मालक सगळं घर घेऊन एस.टी.नं आला होता. लोक मान वळवून बघायला लागले. कुणीतरी खुदकलं. मी डोळे मिटून घेतले. एवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारा आवाज कडाडला, "आसशील! गप पडून ऱ्हा तितंच! पोरगी सासरला निघालीया!"

थिएटर एकदा खळखळून हसलं आणि त्याच क्षणी पडद्यावर तिनं मागं वळून पाहिलं. मग जी शांतता झाली तीत पदर डोळ्यांना लावल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला असता. मालक सगळ्यांत मोठ्यानं हुंदके देत होता.

खेळ सुटल्यावर पायरीवर त्याच्याभोवती ही गर्दी. तो रंगात येऊन सांगत होता, "ह्यात चांगल्या मानसाच्या गाडीला हायेत. दुसऱ्या पिक्चरात ह्येच दोगं वंगाळ पाटलाच्या गाडीला हायेत. तितं पळत्यात बगा कसं!" तो दुसरा चित्रपट सोळाचा. अजून लागायचा होता, आणि तारीख सोळानं मला येताना सांगितली होती.

"आरं मग त्यो बी बगाय पायजे," कुणीतरी म्हणालं. "कवा लागतोय?"

मालकाला ते ठाऊक नव्हतं. त्यानं मास्तरांकडं पाहिलं. मास्तरांनी हातानं गर्दी बाजूला सारून माझ्याकडं बोट केलं. "ह्यांस्नी इच्यारा. साडेपंधरांना समदं ठावं असतंय."

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. सोळा माझ्या शेजारीच उभा होता, तो काही बोलायच्या आत मी वरच्या पायरीवर चढलो, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडलो, "येत्या शुक्रवारी! ह्याच थिएटरात! सगळ्यांनी या!"